हवेतला वेळ

पुण्याहून मुंबईला जायला किती वेळ लागतो, असं पुण्यातल्या कुणालाही विचारा. उत्तर येतं, अडीच तास. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला तेव्हा जे अडीच तास ठरले, ते ठरले. त्यात सदाशिव पेठेतून वाकडपर्यंत पोचायचा वेळ धरत नाहीत. घाटात ट्रकच्या मागच्या पाटीवरचं वाङ्मय वाचत बसलो तो वेळ धरत नाहीत. फूड मॉलवरचा बटाटेवडा तर कुणीच धरत नाही. आणि वाशीच्या पुलापासून दादरपर्यंत जो दीड तास जातो तो मुंबईच्या खात्यावर टाकतात, कारण गाडी एव्हाना 'मुंबईत पोचलेली' असते.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवा? मीही त्यातलाच. "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" हे वाक्य मी आयुष्यात बहुतेक वेळा आंघोळीचा टॉवेल खांद्यावर असताना बोललो आहे. त्यामुळे कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाच्याने "मामा, लॉस एंजेलिसला आपण दोन तास वीस मिनिटांत पोचू" असं म्हटलं, तेव्हा मला त्याच्यात आजोळचं रक्त ओळखू यायला हवं होतं.

हा भाचा सॅन होजेत असतो. संगणकातलं काहीतरी करतो. काय ते त्याने तीनदा सांगितलं आणि मी तीनदा मान डोलावली. पण नोकरी हे त्याचं पोट भरायचं साधन. त्याचा खरा जीव विमानात. तीन मित्रांबरोबर भागीदारीत त्याने एक विमान घेतलंय. आपल्याकडे चौघं मिळून फार तर एनए प्लॉट घेतात आणि पुढे चौघं चार वकील करतात. इथे चौघांत एक विमान सुखाने नांदत होतं. मला कौतुक वाटलं. मी विमान पाहीपर्यंत ते टिकलं.

सेसना १७२. चार माणसांचं, एका पंख्याचं, १९७८ साली बनलेलं. हे मॉडेल १९५६ पासून विकलं जातंय आणि आजवर चव्वेचाळीस हजारांच्या वर बनलंय. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येनं बनलेलं नाही, असं भाच्याने अभिमानाने सांगितलं. म्हणजे ही विमानांतली बजाज स्कूटर. दार लावताना जो आवाज झाला तोही ओळखीचा होता. आमच्या जुन्या फियाटचं दार अस्संच वाजायचं, आणि तसंच दुसऱ्यांदा ओढावं लागायचं.

झालं होतं असं की आमच्या हिच्या बहिणीच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. ती असते लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, बरबँकजवळ. सॅन होजेपासून हवेतून पावणेपाचशे किलोमीटर, रस्त्याने सव्वापाचशेच्या वर. शनिवारी दुपारी एकचा मुहूर्त. मावशीने वेळेवर जाऊन ओटी भरलीच पाहिजे. प्रश्न एवढाच होता की जायचं कसं.

प्रवासी विमान होतं, सव्वा तासाचं. तिकिटंही मिळत होती. पण भाच्याने लॅपटॉप उघडला. "मामा, लोक फक्त हवेतला वेळ मोजतात. तुम्ही घरापासून घरापर्यंत मोजा." एक्सेलमध्ये दोन रकाने होते. प्रवासी विमानाच्या रकान्यात त्याने काही म्हणून सोडलं नव्हतं: विमानतळापर्यंतची गाडी, पार्किंगपासून टर्मिनलपर्यंतची बस, सामानाची रांग, तपासणीची रांग, गेटपाशी बसणं, उतरताना पुढच्या माणसाने वरच्या फळीतली बॅग काढेपर्यंत मान वाकडी करून उभं राहणं, सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणं. बेरीज पाच तास दहा मिनिटं. स्वतःच्या रकान्यात दोनच ओळी. घर ते विमानतळ पंधरा मिनिटं. उड्डाण दोन तास वीस मिनिटं.

"आणि पुढे तिच्या घरापर्यंत?" हिने विचारलं.

"ते जवळच आहे, मामी."

हिने पर्समधून वही काढली. घरच्या दुधाचा, इस्त्रीचा आणि माझ्या आश्वासनांचा हिशेब जिच्यात असतो ती वही. तिच्यात तिने फक्त तारीख लिहिली आणि पान कोरं ठेवलं. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

आदल्या रात्री वजनाचा प्रसंग झाला. मोठ्या विमानात बॅग तोलतात, माणूस तसाच सोडतात. छोट्या विमानात माणूसही तोलतात. टाकी पूर्ण भरली की माणसं आणि सामान मिळून पावणेतीनशे किलोच्या आसपास उरतात, त्यापुढे एक किलो नाही. भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसला. त्याचं स्वतःचं अठ्ठ्याऐंशी. माझं ब्याऐंशी, तेही मी सकाळचं, उपाशीपोटीचं सांगितलं. मग तो हिच्याकडे वळला.

"मामी?"

"जन्मसाल विचार हवं तर."

"मामी, खरं सांगावं लागेल. विमान खोटं चालवून घेत नाही."

"मग तुझ्या मामांना कसं घेतंय?"

शेवटी न्हाणीघरातला काटा आला. ही डिंकाच्या लाडवांचा डबा हातात घेऊनच त्याच्यावर चढली. "डब्यासकट घे, म्हणजे लाडवांचं किती नि माझं किती ते कुणाला कळायला नको." भाच्याने आकडा टिपला आणि तो गप्पच झाला. मला आपले जे. आर. डी. टाटा आठवले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, असंच छोटं एका पंख्याचं विमान घेऊन. पण त्यांच्याबरोबर फक्त टपाल होतं. टपालाला वजन विचारलं तर ते जेवायचं सोडून उठत नाही.

बेरजेत भाचेसून बसेना. ती आणि सहा वर्षांचा नातू गाडीने येतील असं ठरलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आमच्या बॅगा, सगळं त्यांच्याबरोबर. तिने हे इतक्या आनंदाने मान्य केलं की त्याचा मी विचार करायला हवा होता.

सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी आम्ही घर सोडलं. हिने वहीत लिहिलं. विमानतळाचं नाव रीड-हिलव्ह्यू. शेजारी मॉल, पलीकडे बैठी घरं, आणि मधोमध रांगेत उभी केलेली पन्नास-साठ विमानं, स्कूटर स्टँडवर उभ्या असाव्यात तशी. भाच्याने विमानाभोवती फेरी सुरू केली. पंखांखाली वाकून पेट्रोलचा नमुना एका नळीत काढला आणि उजेडासमोर धरून बघत राहिला, पॅथॉलॉजीवाले बघतात तसा. "यात पाणी तर नाही ना, ते बघतोय." मग पंखावर चढून टाकीत काठी बुडवली. तेलाची पट्टी ओढली, पुसली, परत घातली. पंखा कुरवाळला. मी म्हटलं, "आता थोडं उजवीकडे कलव, म्हणजे चालू होईल." त्याला समजलं नाही. अमेरिकेत लहानपण गेलेल्या पिढीचं हे एक नुकसान आहे.

इथे शिसं असलेलं पेट्रोल १ जानेवारी २०२२ पासून विकत नाहीत, हेही त्याने सांगितलं. "म्हणजे इतकी वर्षं शिसं घालून उडत होता?" ही म्हणाली आणि डबा मांडीवर जरा घट्ट धरला.

सगळं तपासून झालं. फक्त आकाश उरलं होतं. ते दिसत नव्हतं.

या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्रावरचे ढग रात्री आत शिरतात आणि सकाळी लोळत पडतात. त्या दिवशी ते डोक्यावर आठशे फुटांवर होते. भाच्याचा परवाना डोळ्यांना दिसेल तेवढंच उडायचा. ढगात शिरायचा वेगळा परवाना लागतो, त्याची परीक्षा तो पुढच्या वर्षी देणार आहे. गेल्या वर्षीही तो पुढच्या वर्षीच देणार होता.

मग आम्ही पायलट लोकांच्या खोलीत बसलो. कॉफीचं यंत्र, फाटका सोफा, भिंतीवर नकाशे आणि तीन निवृत्त गृहस्थ. ते तिघं कुठे जाणार नव्हते, कुठून आले नव्हते. गावात पारावर बसतात तसे बसले होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या विमानाला नावं ठेवत होते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. "कधी उठतील ढग?" मी विचारलं. एक म्हणाले, दहापर्यंत. हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी आमच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत चाळीस वर्षं ऐकला आहे. दुसऱ्यांनी त्यांच्यातली एक जुनी म्हण ऐकवली: हातात भरपूर वेळ असेल तरच विमानाने जावं. तिघंही हसले. भाचा हसला नाही. मी दोन तास कॉफी पीत राहिलो, आणि ही चूक माझी एकट्याची होती.

दहा वीसला आम्ही उडालो. भाच्याने खिडकीतून "क्लिअर प्रॉप!" अशी आरोळी ठोकली, पंखा फिरला, आणि जमीन सुटली. खरं सांगायचं तर त्यानंतरची पंधरा मिनिटं मी सगळं विसरलो. मोठ्या विमानाच्या खिडकीतून दिसतो तो नकाशा. इथून डोंगर दिसतात, डोंगरावरची एकटी झाडं, कुणाच्या तरी परसातला वाळत घातलेला पांढरा कपडा. लसणाचं गाव म्हणून प्रसिद्ध असलेलं गिलरॉय खालून गेलं. मी ही असलेल्या बाजूला वळून "बघ, बघ" म्हणत राहिलो आणि भाचा शांतपणे "मामा, हात" म्हणत राहिला. कारण वजनाच्या तोलासाठी मला पुढे बसवलं होतं आणि माझ्यासमोरही एक स्टिअरिंग होतं, भाच्याचं फिरलं की आपोआप फिरणारं. कशालाही हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. पण विमानाने एक गचका खाल्ला, आणि माणूस आधाराला जे सापडेल ते धरतो. मी स्टिअरिंगची मूठ धरली आणि मागे ओरडलो, "अगं, लाडवांचा डबा सरळ धर!"

त्या मुठीवर एक बटण असतं. ते दाबलं की तुम्ही बोलता ते विमानातल्या विमानात राहत नाही, रेडिओवर जातं.

कानातल्या यंत्रात क्षणभर खरखर झाली. मग नियंत्रकाचा धीरगंभीर आवाज आला: कोण बोललं, पुन्हा सांगा. भाच्याचा चेहरा डिंकाच्या रंगाचा झाला. तो काही बोलणार तेवढ्यात त्याच वाहिनीवर, मध्य कॅलिफोर्नियाच्या आकाशात कुठेतरी असलेल्या एका अज्ञात विमानातून, स्वच्छ सोलापुरी मराठीत प्रश्न आला: "डिंकाचे का?"

भाचा पुढची वीस मिनिटं माझ्याशी बोलला नाही. मलाही बोलायची फारशी इच्छा नव्हती, कारण एव्हाना कॉफीने आपलं काम सुरू केलं होतं.

"अजून किती वेळ?"

"दीड तास, मामा. का?"

मी का ते सांगितलं. सेसना १७२ मध्ये सगळं आहे, तेवढं नाही. मागून आवाज आला, "निघताना जाऊन आलात का, असं मी विचारलं होतं." विचारलं होतं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने हे विचारलं नाही असा एकही प्रवास नाही, आणि मी त्याचं खरं उत्तर दिलंय असाही नाही.

हॅरिस रँच नावाची जागा आहे, कोलिंगा गावाजवळ, उत्तर-दक्षिण जाणाऱ्या पाच नंबरच्या महामार्गाला लागून. तिथे एक उपाहारगृह आहे आणि त्याच्या बाजूलाच स्वतःची धावपट्टी. लोक विमान उतरवतात, चालत जाऊन जेवतात, परत उडतात. अमेरिकेतल्या हौशी पायलटांत याला 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात: खाण्याचे थोडे, तिथवर उडत जायच्या पेट्रोलचे बाकीचे. धावपट्टी इतकी अरुंद की आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्यावर जेवढी वाट उरते तेवढी. भाच्याने ती सुबक साधली. मी दार उघडून जो धावलो तो त्या धावपट्टीचं नाव सार्थ करूनच थांबलो.

परत आलो तेव्हा ही मेन्यू वाचत होती. ही जागा प्रसिद्ध आहे ती गोमांसासाठी. हिचा शनिवार. त्यात महामार्गाच्या त्या पट्ट्यात हजारो गुरं एका जागी पाळतात, आणि वारा फिरला की त्याची वर्दी मिळते. "गोठा आहे का कुठे जवळ?" असं विचारून हिने एक केळं मागवलं. केळ्याचे, पेट्रोलसकट, किती डॉलर झाले हे भाच्याने सांगितलं नाही; पण तिने वहीत केळ्यासमोर शंभर लिहिले, गुणिले पंच्याऐंशी केले, आणि केळं शेवटपर्यंत सोलून सोलून खाल्लं.

भाचा तेवढ्यात इंधन भरतो म्हणाला. टाटांना अहमदाबादला इंधन बैलगाडीतून आणून दिलं होतं असं म्हणतात. इथे बैलगाडी नव्हती. कार्ड घेणारं यंत्र होतं, आणि ते भाच्याचं कार्ड घेत नव्हतं. तिसऱ्या कार्डापर्यंत पाऊण तास गेला. त्यात भाचेसुनेचा फोन आला. ती पावणेनऊला, मुलाला धिरडं खाऊ घालून निघाली होती. तिला कुणी एक्सेल दाखवलं नव्हतं.

"अहो, आत्ता हॅरिस रँचच्या एक्झिटवरून गेले," ती म्हणाली. "तुमच्यासारखंच एक विमान उभं दिसलं."

"आमचंच आहे," भाचा म्हणाला.

"अय्या! मग याने हात केला ना, तो तुम्हालाच."

पुढचा सव्वा तास मी थोडक्यात उरकतो, कारण डोळे मिटून होतो. दुपारच्या उन्हात डोंगरखिंडीवरची हवा वर-खाली होते आणि विमान तिच्याबरोबर. मागे मारुतीस्तोत्र चालू होतं. त्याची सात आवर्तनं झाली एवढं सांगू शकतो.

उतरलो ते व्हॅन नाइसला. छोट्या आणि खाजगी विमानांच्या गर्दीत जगात वरच्या रांगेत असलेला हा विमानतळ. हॉलिवूडचे लोक आपली जेट इथेच ठेवतात. आमच्या डाव्या हाताला एक पांढरंशुभ्र जेट होतं, त्याच्या नुसत्या शिडीएवढं आमचं विमान. शिडीखाली लाल गालिचा. गणवेशातला एक मुलगा तो गालिचा गुंडाळता गुंडाळता आमच्याकडे धावत आला आणि अदबीने सामान मागू लागला. हिने आयुष्यात पहिल्यांदा डबा दुसऱ्याच्या हातात दिला, दोन पावलं चालली, आणि परत घेतला.

'जवळच' असलेल्या घरी टॅक्सीने पोचलो तेव्हा दोन पस्तीस झाले होते. ओटी भरून झाली होती. वाटीखालचा पेढा निघून त्यावर टाळ्याही वाजून गेल्या होत्या. पंगत उठून बायका विड्यांपर्यंत आल्या होत्या. दारात भाचेसून उभी, साडी नेसून, केसांत गजरा माळून, हातात आमच्यासाठी पाण्याचे पेले. "कसं झालं विमान?" तिने विचारलं. तिच्या आवाजात तिरकसपणाचा लवलेश नव्हता. तोच जास्त लागतो.

परतताना हिने जाहीर केलं, "मी ज्यात संडास आहे अशाच विमानाने येणार." भाचा एकटाच आपलं विमान घेऊन निघाला, आम्ही दोघं तिकीट काढून. मोठ्या विमानाचा मोठेपणा मला तपासणीच्या रांगेत कळला. हिच्या बहिणीने बरोबर तूप दिलेलं. शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही.

"हे द्रव आहे का?" तपासनीसाने बरणी धरून विचारलं.

"थिजलंय," ही मराठीत म्हणाली आणि मला भाषांतर करायला लावलं.

त्याने बरणी तिरकी केली. तूप हललं नाही. त्याने थोडा वेळ वाट पाहिली. अर्ध्या मिनिटाने, कॅलिफोर्नियाच्या उकाड्याला जागून, तूप हललं. दोघींच्या माहेरची कृती तिथल्या कचऱ्याच्या पिंपात गेली. जुलै २०२५ पासून बूट काढायची सक्ती गेली आहे, पण संतापाच्या भरात हिने चपला काढूनच चौकट ओलांडली, देवळात शिरताना ओलांडावी तशी.

पुढे विमानाला उशीर. का, तर आमचं विमान अजून दुसऱ्या गावाहून यायचं होतं. मग चढायची वेळ झाली तर माणसांचे नऊ गट पाडलेले. आधी मानाचे, मग कार्डवाले, मग आणखी कुठले. आम्ही नवव्यात. "एवढ्या शेवटच्या पंगतीला तर आपल्याकडे आचारीसुद्धा बसत नाहीत," ही म्हणाली. चढलो तेव्हा आमच्या बॅगेला वर जागा नव्हती आणि आम्हाला एकमेकांशेजारी. उतरायच्या आधी वैमानिकाने आनंदाने सांगितलं की आपण निघालो अडीच तास उशिरा, पण हवेत सात मिनिटं भरून काढली. हे ऐकून माझा माणुसकीवर विश्वास बसला. एवढी मोठी कंपनी, तिच्यातही कुणीतरी सदाशिव पेठेतलं आहे.

रात्री नऊला घरी पोचलो. भाचा आलेला नव्हता. खिंडीत वारा सुटला म्हणून तो तिकडेच थांबला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आला, कामावर रजा टाकून. आल्या आल्या लॅपटॉप उघडला आणि परतीच्या रकान्यात भरलं: दोन तास पन्नास मिनिटं. शेजारी शेरा लिहिला, समोरून वारा.

आता आम्ही पुण्यात परत आलोय. परवा शेजारचे काका आले होते. त्यांच्या मुलाने अमेरिकेत गाडी घेतली, हे सांगायला आले होते. मी भाच्याच्या विमानाचा विषय काढला. त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "मग लॉस एंजेलिसला किती वेळ लागला?"

"सव्वादोन तास," मी म्हणालो. तोंडातून आपोआप निघालं.

आतून आवाज आला, "हवेतला सांगतायत ते! जमिनीवरचा माझ्या वहीत आहे. सात पाच ते दोन पस्तीस."

काका हसले. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, "अगं, काकांना चहा टाकतेस ना?"

"टाकलाच," ती म्हणाली. "पाच मिनिटांत आणते."

गॅस पेटल्याचा आवाज काही आला नाही. मी घड्याळात पाहिलं आणि तिची वही कुठे असते ते शोधायला उठलो.